सारांश झकास, आकडा चुकीचा: एआयकडून मराठी कागदपत्रं वाचून घेताना काय बिघडतं

तक्रार सगळीकडे एकाच धर्तीची असते. शासन निर्णय, सातबारा, निविदा किंवा जुना करारनामा एआयला दिला. सारांश वाचायला झकास आला. पण अनुदानाची रक्कम दहापट झालेली, गावाचं नाव भलतंच, आणि कागदात नसलेली अट क्रमांकासकट हजर. तोच प्रश्न पुन्हा विचारला की उत्तर बदलतं. मग चॅटजीपीटीऐवजी जेमिनी, जेमिनीऐवजी क्लॉड असं करून पाहिलं जातं, प्रश्न चार तऱ्हांनी फिरवला जातो, आणि शेवटी ‘याला मराठी जमत नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होते.

यातल्या बऱ्याच चुका मॉडेलने, म्हणजे उत्तर देणाऱ्या एआयने, विचार करायला सुरुवात करण्याच्या आधीच झालेल्या असतात. स्क्रीनवर तुम्हाला दिसतं ते पान आणि मॉडेलला मिळतो तो मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं एका थरात असतात आणि ती कोणती अक्षरं आहेत याची नोंद दुसऱ्या थरात. वरचा थर शाबूत आणि खालचा मोडलेला, असं मराठी फायलींत सर्रास असतं. मॉडेलला खालचाच थर मिळाला तर ते मोडक्या मजकुरातून अर्थ जुळवतं आणि उरलेल्या जागा अंदाजाने भरतं. भरलेली जागा कुठली, हे उत्तरात दिसत नाही. खरी पंचाईत तिथे आहे.

आधी नोटपॅड उघडा

पीडीएफ उघडा, मधलं एखादं पान घ्या. पहिलं पान नको, कारण त्यावर मथळे आणि बोधचिन्हंच जास्त असतात. सगळा मजकूर निवडून कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि पुढचा उपाय त्यावरच ठरतो.

काहीच चिकटलं नाही, तर फाइल म्हणजे नुसता स्कॅन आहे, खाली मजकूर नाही.

इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं, कंस यांची खिचडी चिकटली, तर मजकूर युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच नोंदवणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे.

मराठीच चिकटलं पण ‘निर्णय’ऐवजी ‘िनणर्य’, ‘कार्यालय’ऐवजी ‘कायार्लय’, ‘विभाग’ऐवजी ‘िवभाग’ असं आलं, तर खालचा थर मोडला आहे.

आणि सगळं स्वच्छ मराठी आलं, तर दोष पुढे कुठेतरी आहे. तसं असेल तर सरळ सातबाऱ्याच्या भागाकडे जा.

याला जोडून आणखी एक चाचणी. आपलं साधन पीडीएफचं पान चित्र म्हणून बघतं की नुसता मजकूर उपसून घेतं, हे कळायला हवं. शिक्का किंवा सही असलेलं पान द्या आणि विचारा: ‘या पानावर शिक्का कुठे आहे आणि कोणत्या रंगाचा आहे?’ नेमकं सांगितलं तर चित्र पोचतंय. गोलमाल उत्तर आलं, किंवा ‘दस्तऐवजात शिक्क्याचा उल्लेख नाही’ असं आलं, तर नुसता मजकूर पोचतोय. मग स्कॅनच्या फायली त्या साधनाला देण्यात अर्थ नाही.

नुसता स्कॅन असेल तर

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, करून घ्यावं लागेल आणि त्याआधी स्कॅन तपासावा लागेल. मराठीसाठी ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ही किमान पातळी धरा. ए-फोर पान ३०० डीपीआयवर २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचं होतं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या पानाची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे १४० डीपीआयसुद्धा उरत नाहीत. अनुस्वार, रफार आणि उकार पहिल्यांदा तिथेच गळतात. तालुक्याहून कोणी कागद पाठवत असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, ‘फोटो’ म्हणून नको. एवढ्या एका सूचनेने पुढची बरीच झटापट वाचते.

टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम किंवा त्यावर चालणारं ओसीआरमायपीडीएफ वापरत असाल तर मराठीचा भाषा-पॅक वेगळा घ्यावा लागतो. हिंदीचा पॅक लावून भागवलं की ळ आणि ऱ्य डगमगतात. सरकारी कागदात इंग्रजी शब्द आणि अंक मिसळलेले असतात, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र निवडा. तिरकं पान सरळ करण्याचा पर्यायही चालू ठेवा. हे काही बसवायचं नसेल तर फाइल गूगल ड्राइव्हवर टाकून गूगल डॉक्समध्ये उघडा. मजकूर बरा निघतो, तक्ते मात्र मोडतात.

ओसीआरनंतर अंक डोळ्यांनी ताडून पाहणं टळत नाही. फिकट छपाईत १ आणि ९, २ आणि ३ एकमेकांच्या जागी जातात, ५ चा प होतो आणि दशांश चिन्ह धुळीच्या ठिपक्यासारखं नाहीसं होतं. वाक्यातला शब्द चुकला तर मॉडेल संदर्भावरून सावरतं. अंकाला संदर्भ नसतो. ९१,००० आणि ११,००० दोन्ही तितकेच शक्य दिसतात.

पानाचं चित्रच थेट मॉडेलला देत असाल तर पूर्ण पान एकदम देऊ नका. मोठी चित्रं बरीच मॉडेल वाचण्याआधी स्वतःच लहान करतात. दाट तक्त्याचं पान आडवं तीन पट्ट्यांत कापा, प्रत्येक पट्टीत वरची शीर्षकाची ओळ ठेवा, आणि एकेक पट्टी द्या. खटाटोप वाटतो, पण बारीक अंकांच्या चुका ताबडतोब कमी होतात.

जुना फॉन्ट असेल तर

कृतिदेव, श्रीलिपी, सी-डॅकच्या आयएसएममधला सुरेख, शिवाजी या फॉन्टनी महाराष्ट्रातली निदान दोन पिढ्यांची डीटीपी सांभाळली. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेली असतात. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसतं, फॉन्ट काढला की खिचडी. मॉडेलला ती खिचडीच मिळते.

इथे मॉडेलचं वागणं फसवं असतं. ‘मला वाचता येत नाही’ असं ते दर वेळी सांगेलच असं नाही. फाइलचं नाव, मधले इंग्रजी शब्द, तारखा आणि एखाददुसरा ओळखीचा तुकडा यांवरून ते पटेल असा सारांश तयार करतं. कृतिदेवची खिचडी काही मॉडेल थोडीफार उलगडतात, म्हणून तर ती जास्त धोक्याची. दहा वाक्यांपैकी सात बरोबर आली की उरलेल्या तिनांवर कोणी शंका घेत नाही.

उपाय म्हणजे मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर. पण आधी फॉन्ट नक्की कोणता ते पाहा. पीडीएफच्या गुणधर्मांत ‘फॉन्ट्स’ या टॅबखाली नाव मिळतं. श्रीलिपीचे प्रकार अनेक आहेत आणि एकाची अक्षरांची जुळणी दुसऱ्याला चालेलच असं नाही. कृतिदेवचा रूपांतरक श्रीलिपीवर चालवला तर नवी खिचडी होते. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं आणि अंक असलेल्या पाच-सहा ओळी मूळ पानाशी ताडा. वर्ड फाइल मिळाली तर पीडीएफपेक्षा तीच घ्या. पीडीएफ काढताना ओळी तुटतात आणि मग रूपांतरही तुटकं होतं.

रूपांतरक जमत नसेल तर वळसा घाला: पानांची चित्रं करा आणि स्कॅनचा रस्ता धरा. डोळ्याला पान मराठी दिसतंय म्हणजे चित्र ठीक आहे.

वेलांटी आणि रफार जागचे हलले असतील तर

मराठीत हा बिघाड भारी पडतो, कारण तो निम्मा झाकलेला असतो. पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमने अक्षरं कागदावर दिसतात त्या क्रमाने मांडली की पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार पुढच्या अक्षरानंतर जातो. ‘िनणर्य’ किंवा ‘कायार्लय’ असलं काही आलं तर मॉडेल ते बिनचूक ओळखतं, कारण हे शब्द त्याने हजारदा पाहिलेले असतात. म्हणून सारांश उत्तम येतो आणि आपण निर्धास्त होतो.

फटका बसतो विशेषनामांना. ‘शिर्के’ हे ‘िशकेर्’ होऊन येतं, ‘बर्वे’ हे ‘बवेर्’. याहून वाईट म्हणजे काही फायलींत रफाराच्या चिन्हाला खाली अक्षराची नोंदच नसते आणि तो सरळ गळतो. मग ‘मोर्शी’ची ‘मोशी’ होते. मोर्शी हा अमरावती जिल्ह्यातला तालुका, मोशी पिंपरी-चिंचवडमध्ये. मॉडेलला दोन्ही गावं ठाऊक आहेत, त्यामुळे ते बेधडक पुणे जिल्हा लिहून टाकतं, आणि सारांशात मोशी वाचून कोणाला काही खटकत नाही. क्त, त्र, ज्ञ यांसारखी जोडाक्षरंही अशीच गळतात. ‘करमुक्त’चं ‘करमु’ झालं तर मॉडेल पुढचं अक्षर आपल्या मनाने लावणार.

दुरुस्ती करताना एक अडथळा हमखास येतो. फाइलमध्ये मजकुराचा थर आधीच असल्यामुळे ओसीआरची साधनं काम करायला नकार देतात. ॲक्रोबॅट ‘पानावर मजकूर आहे’ अशा अर्थाचा संदेश देऊन थांबतं, ओसीआरमायपीडीएफही थांबतं. ओसीआरमायपीडीएफमध्ये सक्तीने ओसीआर करण्याचा पर्याय आहे, तो द्या. ॲक्रोबॅटमध्ये छपाईच्या प्रगत पर्यायांत ‘प्रिंट ॲज इमेज’ निवडून नवी पीडीएफ काढा, आणि मग तिच्यावर ओसीआर चालवा. मॉडेलला चित्र दिसत असेल तर पानांच्या पीएनजी करून त्याच द्या, आणि मूळ पीडीएफ त्याच संभाषणात जोडू नका. दोन्ही दिलं तर मोडका थर पुन्हा मागच्या दाराने आत येतो.

थर सुधारला की नाही, हे पाहायला मॉडेलला एक काम सांगा: ‘पान ४ वरचा मजकूर काहीही न बदलता, शुद्धलेखन न सुधारता, ओळीला ओळ उतरवून दे.’ यातलं ‘शुद्धलेखन न सुधारता’ विसरू नका. नाहीतर ते मोडकं वाक्य नीटनेटकं करून देईल आणि थर सुधारल्याचा भास होईल. उतरवलेलं पान मूळ पानाशेजारी धरून फक्त नावं, तारखा आणि रकमा ताडा.

सातबारा: मजकूर स्वच्छ, तरी उत्तर चूक

बँक, वकिली कचेरी, जमिनीचे व्यवहार पाहणारी कंपनी, सगळीकडे हा उतारा एआयला दिला जातो. इथे चार जागा पक्क्या घसरड्या आहेत.

पहिली जागा खोडलेल्या नोंदी. २०२०च्या सुधारणेनंतरच्या नमुन्यात मयत खातेदार, फिटलेले बोजे अशा कमी झालेल्या नोंदी आडवी रेष मारून दाखवतात. त्याआधी त्या कंसात असायच्या. पीडीएफमध्ये ही रेष मजकुराचा भाग नसते, अक्षरांवरून वेगळी ओढलेली असते. मजकूर उपसला की रेष मागे राहते, नाव तेवढं पुढे जातं. वारलेला माणूस मालकांच्या यादीत पुन्हा दाखल होतो आणि फिटलेलं सोसायटीचं कर्ज पुन्हा उभं राहतं. सातबारा नेहमी चित्र म्हणूनच द्या आणि स्पष्ट विचारा: ‘आडवी रेष मारलेली किंवा कंसातली नावं वेगळ्या यादीत दे.’ फिकट रेष चित्रातही निसटते, म्हणून ती यादी उताऱ्याशी एकदा ताडाच.

दुसरी जागा ‘आकार’. उताऱ्यावरचा आकार म्हणजे आकारणी, शेतसारा, रुपये-पैशांत. मॉडेल, विशेषतः उत्तर इंग्रजीत मागितलं असेल तेव्हा, त्याचं क्षेत्रफळ करून मोकळं होतं. ‘पोटखराब’चं (लागवडीला अयोग्य क्षेत्राचं) भाषांतर पोटाच्या तक्रारीत झालेलं पाहून हसू येतं, पण ती चूक निदान लगेच दिसते. ‘आकार’ची दिसत नाही.

तिसरी जागा क्षेत्राची मांडणी. १.०५.२० म्हणजे १ हेक्टर ५ आर २० चौरस मीटर, म्हणजे १०,५२० चौरस मीटर. मधलं शून्य ओसीआरमध्ये गळून १.५.२० झालं आणि मॉडेलने ते १.५२ हेक्टर धरलं, तर १५,२०० चौरस मीटर होतात. फरक ४,६८० चौरस मीटरचा, म्हणजे ४६ गुंठे, एकराहून जास्त. बिगरशेतीच्या उताऱ्यावर एकक आर आणि चौरस मीटर असतं, हेक्टर नसतो, हेही प्रश्नातच सांगून टाका. बोलताना आपण आर आणि गुंठा एकच धरतो, पण १ आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि १ गुंठा म्हणजे १०१.१७. एकराचे ४० गुंठे आणि सुमारे ४०.४७ आर. रूपांतर मॉडेलकडून करवू नका. त्याच्याकडून हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने भरून घ्या आणि गणित एक्सेलला करू द्या.

चौथी जागा क्रमांक. गट नंबर ‘१२/३’ हा कधी तारीख होतो, कधी अपूर्णांक. एक्सेलमध्ये चिकटवताना तर तो हमखास १२ मार्च किंवा ३ डिसेंबर होतो, त्यामुळे रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा.

प्रश्नाच्या सुरुवातीला पाच ओळींचा शब्दकोश द्यायची सवय लावा: आकार म्हणजे शेतसारा रुपयांत, बोजा म्हणजे कर्जाचा भार, कुळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा, नजराणा म्हणजे शासनाला भरायची रक्कम, भोगवटादार वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन. शब्दाचा कार्यालयीन अर्थ मॉडेलला माहीत असतोच, पण सांगितल्याशिवाय ते तोच धरेल याची खात्री नसते.

शासन निर्णय: कोणत्या भागातून उत्तर आलं?

शासन निर्णयाची घडण ठरलेली असते: वर ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीचे निर्णय, मग प्रस्तावना, मग खुद्द निर्णय. प्रस्तावनेत बहुतेक वेळा जुनी तरतूद लिहिलेली असते, ती का बदलायची याचं कारण असतं, आणि नवी तरतूद खाली येते. ‘अनुदान किती?’ असा उघडा प्रश्न विचारला की मॉडेल पहिल्यांदा सापडलेला आकडा उचलतं, आणि तो प्रस्तावनेतला, म्हणजे रद्द झालेला असतो. म्हणून विचारा: ‘“शासन निर्णय” या मथळ्याखालच्या भागातूनच उत्तर दे. प्रस्तावनेतला आकडा वेगळा असेल तर तो “आधीची तरतूद” म्हणून दाखव.’

निर्णयांची भाषा तोलून लिहिलेली असते आणि सारांशात तोल जातो. ‘तत्त्वतः मान्यता’ची नुसती ‘मान्यता’ होते. ‘प्रशासकीय मान्यता’ आणि ‘तांत्रिक मान्यता’ एकाच शब्दात मिसळतात. ‘वगळून’, ‘खेरीज’, ‘च्या अधीन राहून’, ‘तथापि’ हे शब्द असलेली वाक्यं दहा-दहा ओळींची असतात, आणि त्यांचा सारांश काढताना अपवादच आधी गळतो. यावर सारांश मागण्याऐवजी ही वाक्यं वेगळी काढून मागा: ‘हे शब्द असलेली सगळी वाक्यं जशीच्या तशी दे.’ ती स्वतः वाचा. दहा पानांच्या निर्णयात ती सहसा एका पानात मावतात.

‘अधिक्रमित’ (नव्या निर्णयाने जुना रद्द होऊन त्याची जागा घेतलेला) हा शब्दही शोधा. आणि मॉडेलला दिलेल्या फायलीत नंतरचं शुद्धिपत्रक नसेल, तर त्यातला बदल त्याला कळायचा काही मार्ग नाही. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि विषय टाकून शुद्धिपत्रक शोधणं हे माणसाचं काम.

फाइल मोठी असेल तर

दीडशे पानांची निविदा टाकली आणि ‘ठेकेदाराच्या एकूण किती अटी आहेत?’ असं विचारलं, तर उत्तर चुकणार हे जवळपास धरूनच चाला. बरीच साधनं मोठी फाइल एका दमात वाचत नाहीत. ती तुकडे करतात, प्रश्नाशी जुळणारे थोडे तुकडे निवडतात आणि तेवढेच मॉडेलपुढे ठेवतात. ‘अनामत रक्कम किती?’ हा प्रश्न अशा पद्धतीला सोपा आहे. ‘एकूण किती’, ‘सगळ्या’, ‘कुठेच नाही ना?’ हे प्रश्न तिच्या आवाक्याबाहेरचे, कारण त्यासाठी सगळी पानं बघावी लागतात.

त्यात मराठीचा एक जादा भार आहे. संगणकात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहसा ३ बाइट घेतं. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दात ११ चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत मोजतात आणि जुन्या पद्धतींत मराठीचे तुकडे फार बारीक पडायचे. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीमागचं जीपीटी-४ओ हे मॉडेल आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात मराठी वाक्य ९६ टोकनवरून ३३ वर आलं होतं. सुधारणा मोठी आहे, पण तेवढाच मजकूर इंग्रजीत कमी जागेत बसतो हे आजही खरं. इंग्रजी निविदेला पुरलेली मर्यादा मराठी निविदेला पुरेलच असं नाही. मर्यादेबाहेरचा भाग काही साधनं न सांगता कापतात. शेवटच्या पानावरचं शेवटचं वाक्य विचारून बघा, कापलं असेल तर लगेच कळेल.

तेव्हा फाइल तोडून द्या. आधी अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, दर वेळी १५-२० पानं. दर प्रकरणाला तोच प्रश्न, आणि उत्तरं एका तक्त्यात स्वतः जोडायची. नवा दस्तऐवज आला की नवं संभाषण उघडा. एकाच संभाषणात दोन निर्णय दिले की एकाची मुदत दुसऱ्याला चिकटते.

प्रश्न कसा लिहायचा, उत्तर कसं ताडायचं

हा मजकूर जवळ जपून ठेवा आणि दर वेळी वर चिकटवा:

‘फक्त दिलेल्या दस्तऐवजातून उत्तर दे. प्रत्येक मुद्द्याखाली मूळ वाक्य अवतरणात जसंच्या तसं दे, सोबत पीडीएफमधलं पान आणि परिच्छेदाचा क्रमांक लिही. अक्षर किंवा अंक अस्पष्ट असेल तिथे “वाचता येत नाही” असं लिही, अंदाज करू नकोस. माहिती दस्तऐवजात नसेल तर “यात नाही” एवढंच लिही.’

‘यात नाही’ म्हणायची मोकळीक दिली नाही तर मॉडेल काहीतरी आणून देतंच. प्रश्नाचा घाटही तपासा. ‘मुदत किती दिवसांची आहे?’ यात मुदत आहे हे आपणच ठरवून टाकलेलं असतं. ‘मुदतीबद्दल काही म्हटलं आहे का?’ असं विचारलं तर नसलेली मुदत येण्याची शक्यता कमी होते.

आलेलं अवतरण फायलीत कंट्रोल-एफ करून शोधायचं. आणि इथे एक मराठी सापळा आहे. ‘शेतकऱ्यांना’मधला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याचा ऱ वापरून, किंवा साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्याला दोन्ही सारखेच, शोधाला मात्र वेगळे. मॉडेलने एका तऱ्हेने लिहिलं आणि फायलीत दुसरी असेल, तर शोध ‘० निकाल’ दाखवतो आणि अवतरण खरं असूनही खोटं ठरतं. ‘ॲ’चंही तसंच. अंकांचंही तसंच, मॉडेल देवनागरी अंक इंग्रजीत करून देतं आणि फाइलभर शोधूनही सापडत नाहीत. त्यामुळे ऱ्य नसलेले, अंक नसलेले दोन-तीन लागोपाठचे शब्द शोधा. पानाचा क्रमांकही जपून घ्या. छापलेलं पान ७ हे पीडीएफचं पान ९ असू शकतं.

तक्त्यातला रिकामा रकाना मजकूर उपसताना नाहीसा होतो आणि उजवीकडचे आकडे एक घर डावीकडे सरकतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलमध्ये ‘डेटा’, ‘गेट डेटा’, ‘फ्रॉम फाइल’, ‘फ्रॉम पीडीएफ’ या वाटेने तक्ता आधी बाहेर काढा, रकाने नीट लावा, मग मॉडेलला द्या. तक्त्याच्या डोक्यावरचं ‘रुपये लाखात’ किंवा ‘रुपये हजारात’ प्रश्नातच लिहा, ते पुढच्या पानांवर छापलेलं नसतं. बेरीज एक्सेलने करायची आणि कागदातल्या ‘एकूण’ ओळीशी ताडायची. जुळली नाही तर कुठलातरी आकडा सरकला आहे.

करारनामा किंवा खरेदीखत असेल तर त्यात फुकटची ताडणी तयार असते: ‘अक्षरी रुपये’. मॉडेलला रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही उतरवायला सांगा. ‘पावणेदोन कोटी’ म्हणजे १,७५,००,००० आणि ‘अडीचशे’ म्हणजे २५० हे त्याला बहुधा येतं, पण सव्वा, दीड, पावणे यांत कधीतरी घसरतं. दोन्ही रूपं समोर असली की घसरण लगेच दिसते.

कोणता कागद द्यायचाच नाही

कार्यालयाची परवानगी आहे का, हे आधी विचारा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधनं वापरायला कर्मचाऱ्यांना मनाई केली होती. लोकांची नावं, आधार क्रमांक, आजारपणाची माहिती असलेल्या कागदांबाबत २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात ठेवा. नावं झाकायला पीडीएफवर काळी पट्टी ओढू नका. पट्टी वर राहते, नाव खालच्या थरात तसंच असतं आणि मॉडेलला वाचता येतं. पट्टी मारून पानाचं चित्र करा आणि ते द्या.

हाताने लिहिलेलं आणि मोडी

जुन्या फेरफारांचं हस्ताक्षर मॉडेल वाचतं, पण ते वाचन नुसतं शोधापुरतं वापरा: कोणत्या पानावर कोणत्या गटाची नोंद असावी, एवढ्यापुरतं. नाव आणि क्षेत्र मूळ कागदावरूनच उतरवा. अस्पष्ट शब्दासाठी एकच वाचन मागू नका, तीन शक्यता मागा. तिन्ही एकमेकांपासून लांब असतील तर ते अक्षर मॉडेलला लागलेलं नाही असं समजा.

मोडीच्या कागदावर सध्या मॉडेलला भरवसा देता येत नाही. काही वेळा ते मोडी ओळखतं आणि भलताच मजकूर ‘लिप्यंतर’ म्हणून देतं, तोही शुद्ध मराठीत. तो कागद मोडी वाचणाऱ्या जाणकाराकडे न्या. लिप्यंतर युनिकोडमध्ये टाइप करून मागा, श्रीलिपीत नको. मग ती फाइल एआयला द्या.